देवळातली जुनी बाजापेटी भंगारात देताय? आधी हे वाचा

गडचांदूर, कोरपना, राजुरा, जिवती. या पट्ट्यातल्या कुठल्याही जुन्या गावात जा. हनुमानाच्या देवळात, भजनी मंडळाच्या खोलीत किंवा एखाद्या पाटलाच्या माळ्यावर जुन्या धोतरात गुंडाळलेली एक पेटी सापडतेच. भाता फाटलेला, दोन पट्ट्या खाली बसलेल्या, आत उंदरांनी घर केलेलं. दिवाळीच्या साफसफाईत ती बाहेर निघते. कुणीतरी म्हणतं, "नवीन घेऊ, ही देऊन टाका." मग भंगारवाला ती वजनावर घेऊन जातो.

त्या पेटीतले पितळी सूर साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे असू शकतात. कधी ते जर्मनीतून नाहीतर पॅरिसहून आलेले असतात. लाकूड मुरलेलं सागवान असतं. आणि बहुतेक वेळा बिघाड एवढाच असतो की भात्यातून हवा गळते.

जुनी पेटी म्हणजे नेमकं काय, ती ओळखायची कशी, दुरुस्त काय होतं, काय करायचं नाही आणि जमवायची असेल तर काय पाहायचं, हे सगळं या लेखात एका जागी दिलं आहे.

थोडक्यात

- पेटी आणि अकॉर्डियन ही एकाच कुळातली वाद्यं. दोन्हींत हवेने थरथरणारी पितळी किंवा पोलादी जीभ आवाज काढते.
- जुन्या पेटीचा जीव तिच्या सुरांत असतो. लाकूड, भाता, पट्ट्या बदलता येतात. कानसलेला सूर परत येत नाही.
- पेटीचं वय लेबल, स्क्रू आणि झाकणावर रंगवलेल्या पत्त्यावरून काढता येतं.
- फेव्हिकॉल, तेल आणि भांडी घासायची पावडर या तीन गोष्टी पेटीपासून लांब ठेवा.
- पट्ट्यांवर हस्तिदंत असेल तर तिची खरेदी-विक्री कायद्याने बंद आहे.

पेटी आली कुठून?

पेटी इतकी आपली झाली आहे की ती परदेशी आहे हे सांगितलं तर पटत नाही. पण तिची मूळ कल्पना आशियातलीच आहे. एका बाजूने घट्ट बसवलेली आणि दुसऱ्या बाजूने मोकळी असलेली जीभ हवेने हलवून सूर काढायचा, ही युक्ती चीनच्या शेंग नावाच्या तोंडाने वाजवायच्या वाद्यात फार जुन्या काळापासून आहे. युरोपात ती १८व्या शतकात पोहोचली. १८२९ मध्ये व्हिएन्नात सिरिल डेमियन यांनी अकॉर्डियनचं पेटंट घेतलं. १८४२ मध्ये पॅरिसच्या अलेक्सांद्र देबँ यांनी 'हार्मोनियम' या नावाने आपल्या वाद्याचं पेटंट घेतलं. हे वाद्य टेबलाएवढं होतं आणि पायाने भाता मारून वाजायचं.

ही पायपेटी मिशनरी आणि साहेब लोकांबरोबर भारतात आली. इथे दोन अडचणी आल्या. आपण खाली बसून गातो आणि वाद्य उचलून गावोगाव नेतो. मग कोलकात्यात तिचे पाय काढले गेले, भाता मागच्या बाजूला आला आणि डाव्या हाताने हवा भरता येऊ लागली. या बदलाचं श्रेय बहुधा द्वारकानाथ घोष यांना दिलं जातं. त्यांची 'द्वारकिन' ही पेढी १८७५ मध्ये सुरू झाली. आज आपण जिला हातपेटी म्हणतो ती ही.

महाराष्ट्रात पेटीला घरोघरी नेलं नाटकाने. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' आलं आणि संगीत नाटकाचं युग सुरू झालं. हळूहळू नटाच्या गाण्याला पेटी आणि ऑर्गनची साथ ठरूनच गेली. १९११ च्या 'संगीत मानापमान'ला चाली देणारे गोविंदराव टेंबे हे स्वतः मोठे पेटीवादक होते. पेटी एकटीनेही मैफल रंगवू शकते हे दाखवणाऱ्यांत त्यांचं नाव आधी घ्यावं लागतं. पुढे पी. मधुकर, गोविंदराव पटवर्धन, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर अशी वादकांची रांगच लागली. पु. ल. देशपांडे पेटी वाजवायचे हे तर सगळ्यांना माहीत आहे. आपल्या विदर्भाचंही नाव यात आहे. मूळचे नागपूरचे पं. मनोहर चिमोटे यांनी पेटीत बदल करून तिला 'संवादिनी' हे नाव दिलं.

रेडिओवर बंदी, गावात मात्र चालू

पेटीवर ३१ वर्षं सरकारी बंदी होती, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

१ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने पेटी वाजवणं बंद केलं. आक्षेप असा होता की पेटीचे सूर ठरलेले असतात. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यात येत नाही आणि आपल्या रागांतल्या बारीक श्रुतीही येत नाहीत. रेडिओत पाश्चात्य संगीत विभाग सांभाळणारे ब्रिटिश संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी १९३८ मध्येच पेटीविरुद्ध लेख लिहिला होता. रवींद्रनाथ टागोरांनाही पेटी आवडत नव्हती. स्वातंत्र्यानंतरही बंदी चालूच राहिली आणि १९७१ मध्ये ती शिथिल झाली.

या काळात पेटी टिकली ती नाटक कंपन्या, कीर्तनकार, तमाशाचे फड आणि भजनी मंडळांमुळे. आपल्याकडे तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं आणि सामुदायिक प्रार्थना गावोगाव पोहोचल्या होत्या. त्या भजनांच्या बैठकीत खंजिरीच्या शेजारी पेटी असायची. म्हणून देवळाच्या कोपऱ्यातली ती धुळकट पेटी साधी वस्तू नाही. रेडिओने नाकारलेलं वाद्य गावाने वर्गणी काढून सांभाळलं, त्याची ती खूण आहे.

झाडीपट्टीतला ऑर्गन

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या भागातली झाडीपट्टी रंगभूमी आता राज्यभर माहीत झाली आहे. ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा सोशल मीडियावर बरीच चर्चा झाली होती. दंडार, खडीगंमत या जुन्या लोकप्रकारांतून आणि पुढे संगीत नाटकातून ही रंगभूमी वाढली. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटाच्या दिवसांत गावात मंडप पडतो आणि रात्रभर नाटक चालतं. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या कंपन्यांचं मुख्य ठाणं.

या नाटकात गाणी तिथल्या तिथे गायली आणि वाजवली जातात. ऑर्गनवाला आणि तबलेवाला रंगमंचाजवळ बसून नटाच्या प्रत्येक तानेवर लक्ष ठेवतात. आता बहुतेक ठिकाणी किबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले आहेत. त्यात चूक काही नाही. किबोर्ड हलका असतो, त्याचा सूर उतरत नाही आणि माईकला थेट जोडता येतो. पण किबोर्ड आला की जुना ऑर्गन गोदामात जातो. गोदामात गेलेलं वाद्य वाजत नाही आणि न वाजणारं वाद्य लवकर मरतं. त्याबरोबर ते दुरुस्त करणारा हातही कमी होतो.

तुमच्याकडची पेटी कोणती?

साधारण पाच प्रकार दिसतात.

*साधी हातपेटी.* खाली बसून वाजवायची. प्रत्येक पट्टीला एक, दोन किंवा तीन सूर असतात. या ओळींना पेटीवाले खर्ज, नर आणि मादी म्हणतात. खर्ज म्हणजे खालचा जाड आवाज, नर मधला आणि मादी वरचा बारीक.

*कपलरची पेटी.* एक पट्टी दाबली की शेजारच्या सप्तकातली त्याच सुराची पट्टी आपोआप दाबली जाते. आवाज भरदार होतो. भजनी मंडळांची ही आवडती पेटी.

*स्केल चेंजर.* यात सगळ्या पट्ट्यांचा संच डावी-उजवीकडे सरकतो. गाणाऱ्याची पट्टी काळी एक असो की काळी चार, वादकाची बोटं त्याच जागी राहतात. ही पेटी जड असते आणि आतली रचना गुंतागुंतीची असते.

*पायपेटी.* पायाने भाता मारायचा, दोन्ही हात वाजवायला मोकळे. घडी करून बंद होणाऱ्या पायपेट्या कीर्तनकार आणि नाटकवाले नेत असत. मुंबईतल्या हरिभाऊ विश्वनाथ यांच्यासारख्या जुन्या पेढ्यांनी अशा पेट्या बनवल्या.

*ऑर्गन.* दिसायला पायपेटीसारखाच, पण काम उलटं. पायपेटीत भाता हवा सुरांतून बाहेर ढकलतो. ऑर्गनमध्ये भाता हवा आत ओढतो. त्यामुळे ऑर्गनचा आवाज जास्त गोल आणि मऊ लागतो. अमेरिकेतल्या एस्टी आणि मेसन अँड हॅमलिन या कंपन्या अशा ऑर्गनसाठी प्रसिद्ध होत्या.

वय कसं ओळखायचं?

पेटीवर तारीख लिहिलेली नसते. पण खुणा असतात. एकाच खुणेवर विश्वास ठेवू नका, दोन-तीन जुळल्या तरच अंदाज बांधा.

*लेबलवरचा पत्ता.* सहा आकडी पिनकोड असेल तर लेबल १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं, कारण पिनकोड तेव्हा सुरू झाला. 'बॉम्बे ४' असा एक-दोन आकडी क्रमांक असेल तर बहुधा त्याआधीचं.

*झाकणावर रंगवलेलं मंडळाचं नाव.* आपल्या भागात ही खूण फार कामाची. 'जि. चांदा' लिहिलं असेल तर ते १९६४ च्या सुमाराच्या आधीचं असण्याची शक्यता मोठी, कारण त्यानंतर चांद्याचं चंद्रपूर झालं. 'जि. गडचिरोली' असेल तर ऑगस्ट १९८२ नंतरचं, कारण जिल्हाच तेव्हा झाला. राजुऱ्याकडच्या पेटीवर 'जि. आदिलाबाद' दिसलं तर जपून ठेवा. राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. गडचांदूरच्या पत्त्यात 'ता. राजुरा' असेल तर कोरपना तालुका वेगळा होण्याआधीचं नाव आहे.

*सुरांवरचा शिक्का.* 'मेड इन जर्मनी' असेल तर १८८७ नंतरचा माल. त्या वर्षी ब्रिटनने परदेशी मालावर देशाचं नाव टाकणं सक्तीचं केलं. 'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ नंतरचा. देशी सुरांमध्ये गुजरातमधलं पालिताना हे गाव पूर्वीपासून नावाजलेलं आहे.

*स्क्रू.* फुलीचा स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आला. सगळे स्क्रू एका सरळ खाचेचे असतील तर पेटी जुनी असण्याची शक्यता वाढते. मध्येच एखादा फुलीचा दिसला तर कुणीतरी ती आधी उघडली आहे.

आत काय असतं?

दुरुस्तीच्या दुकानात फसायचं नसेल तर एवढं समजून घ्या.

बाहेरचा भाता हवा भरतो. ती हवा झडपांतून आतल्या भात्यात जाते. आतल्या भात्यावर स्प्रिंगचा दाब असतो, म्हणून हात थांबला तरी आवाज लगेच तुटत नाही. आतल्या भात्यावर सुरांची फळी असते. फळीला भोकं, भोकांवर पितळी चौकटी आणि प्रत्येक चौकटीत एक बारीक जीभ. पट्टी दाबली की भोकावरचं चामडं लावलेलं झाकण उचललं जातं, हवा जिभेजवळून निसटते, जीभ थरथरते आणि सूर उमटतो. जीभ लांब आणि जड असेल तर सूर खाली, आखूड आणि हलकी असेल तर वर.

म्हणजे पेटीत फक्त तीन गोष्टी बिघडतात: हवा, झाकण किंवा जीभ.

दुखणी आणि उपाय

*भाता मारून हात दुखतो, आवाज मात्र बारीक.* हवा गळते आहे. तपासणी सोपी आहे. सगळ्या खुंट्या बंद करा, भाता पूर्ण भरा आणि एकही पट्टी दाबू नका. आतला भाता हळूहळू बसला तर ठीक. लगेच बसला तर कोपऱ्यातलं चामडं, घडीवरचं कापड किंवा झडप फाटली आहे. जुन्या पेटीतलं हे सगळ्यात जास्त आढळणारं दुखणं आणि बहुतेक वेळा दुरुस्त होणारं.

*पट्टी न दाबताच सूर वाजत राहतो.* झाकण नीट बसत नाही. खाली कचरा असेल, स्प्रिंग मेली असेल किंवा पावसाळ्यात पट्टी फुगून शेजारच्या पट्टीला घासत असेल. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि जुलैत भिंतींना ओल येते. लाकूड आकसतं आणि फुगतं. पावसाळ्यात अडकलेली पट्टी लगेच तासू नका. उन्हाळ्यात ती सैल होईल.

*पट्टी दाबली तरी सूर येत नाही.* जीभ आणि चौकटीच्या मधल्या फटीत धुळीचा कण अडकला असेल. पातळ कागदाची कडा हलक्या हाताने फिरवली की बहुतेक वेळा सूर बोलतो. सिमेंट कारखान्यांच्या आसपास राहणाऱ्यांना धुळीबद्दल वेगळं सांगायला नको. वाजवून झालं की पेटी झाका, एवढं पुरे.

*सूर झणझणतो.* जीभ चौकटीला घासते आहे किंवा चौकटीचा स्क्रू ढिला झाला आहे.

*लाकडाखाली पिठासारखी भुकटी पडते.* आत भुंगा आहे. अशी पेटी इतर लाकडी वस्तूंपासून लगेच वेगळी ठेवा आणि सुतार किंवा पेटी कारागिराला दाखवा.

काही खोलायचं असेल तर आधी मोबाईलवर फोटो काढा. प्रत्येक पट्टीच्या आणि सुराच्या खाली पेन्सिलने क्रमांक टाका. सुरांचा क्रम एकदा चुकला की साधी दुरुस्ती आठवडाभराचं काम होते.

सूर लावणं: इथे थांबा आणि विचार करा

जुन्या पेटीचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं.

सूर लावतात कानशीने. जिभेचं टोक थोडं घासलं की ते हलकं होतं आणि सूर चढतो. बुडाजवळ घासलं की जीभ मऊ होते आणि सूर उतरतो. दोन्ही वेळा धातू जातो, तो परत येत नाही. तीन-चार वेळा हात फिरवलेली जीभ पातळ होते आणि एक दिवस वाजता वाजता तुटते.

आता अडचण कुठे येते? तुम्ही मोबाईलवर ट्यूनरचं ॲप उघडता, जुनी पेटी वाजवता आणि ॲप सांगतं की सगळे सूर उतरलेले आहेत. कदाचित ते उतरलेले नसतीलच. आजची ॲप मधल्या सप्तकातला 'ए' ४४० कंपनांवर धरतात. फ्रान्सने १८५९ मध्ये तो ४३५ वर ठरवला होता. पॅरिसच्या जुन्या पेटीचे सगळे सूर एकसारखे थोडे खाली असतील तर ती बेसूर नाही, तिचा पायाच वेगळा आहे. एकट्याने वाजवायची असेल किंवा गाणारा तिच्याप्रमाणे गाणार असेल तर तिला हात लावायची गरज नाही. किबोर्ड आणि बासरीबरोबर वाजवायची असेल तरच प्रश्न येतो.

दुसरी गोष्ट गंधाराची. ॲपच्या हिशोबात सप्तकाचे बारा समान भाग असतात. पण तानपुऱ्यात ऐकू येणारा शुद्ध गंधार त्या भागात बसत नाही. सा जर २४० कंपनांचा असेल तर तानपुऱ्यातला गंधार ३०० चा असतो आणि समान भागांचा सुमारे ३०२.४ चा. फरक लहान दिसतो, पण तयार कानाला तो खटकतो. म्हणून जुने कारागीर गायकाची पट्टी विचारून गंधार थोडा उतरवून द्यायचे. पेटीवाले याला आजही गंधार ट्यूनिंग म्हणतात. डॉ. विद्याधर ओक यांनी तर २२ श्रुती वाजवता येतील अशी पेटीच तयार केली.

म्हणजे तुमच्या जुन्या पेटीत गंधार उतरलेला दिसला तर तो बिघाड नसू शकतो. कुणीतरी, कुणाच्या तरी गळ्यासाठी मुद्दाम तसा लावलेला असू शकतो. तो "दुरुस्त" केला तर त्या कारागिराचं काम कायमचं पुसलं जाईल.

सातासमुद्रापार हीच गोष्ट

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात केजन नावाचा समाज आहे. कॅनडाच्या अकादिया भागात राहणाऱ्या या फ्रेंच भाषकांना १७५५ पासून ब्रिटिशांनी तिथून हाकललं. त्यांतले बरेच जण पुढे लुइझियानाच्या दलदलीच्या प्रदेशात येऊन राहिले. त्यांच्या नाचगाण्याचं मुख्य वाद्य म्हणजे दहा बटणांचं लहान अकॉर्डियन. १९२८ मध्ये जो फाल्कन यांनी केजन संगीताची पहिली ध्वनिमुद्रिका केली, तेव्हाही ते होतं.

हे अकॉर्डियन जर्मनीतून यायचं. 'मोनार्क' आणि 'स्टर्लिंग' ही त्यांची आवडती नावं. दुसऱ्या महायुद्धात तो माल बंद झाला. जुनी वाद्यं झिजत होती आणि नवी मिळत नव्हती. मग सिडनी ब्राउन नावाच्या वादकाने जुन्या वाद्यांच्या धर्तीवर तिथेच अकॉर्डियन बनवायला सुरुवात केली. १९६६ मध्ये मार्क सॅव्हॉय यांनी युनिस या गावाजवळ दुकान उघडलं आणि त्यांचं अकॉर्डियन नावाजलं गेलं. आज तिथे स्थानिक कारागिरांची परंपरा आहे, आणि जुनी मोनार्क-स्टर्लिंग शोधून दुरुस्त करणारे लोकही आहेत.

गंमत पुढे आहे. केजन कारागीरही अकॉर्डियनमधला गंधार मुद्दाम थोडा उतरवतात, कारण त्यांच्या कानाला तोच गोड लागतो. लुइझियाना आणि कोरपना यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. तरी दोन्हीकडे युरोपचं वाद्य आलं, दोन्हीकडे ते उघडलं गेलं आणि दोन्हीकडे त्याच सुरावर कानस फिरली.

फरक एवढाच की केजन लोकांनी जुनी वाद्यं भंगारात दिली नाहीत. ती उघडून पाहिली आणि त्यावरून नवी बनवायला शिकले. जुनं वाद्य हे पुढच्या कारागिराचं पुस्तक असतं.

हे करू नका

- *भात्याला फेव्हिकॉल लावू नका.* तो वाळून कडक होतो आणि घडी तिथेच चिरते. जुन्या पेट्यांत सरस वापरलेला असतो. सरस कोमट पाण्याने सुटतो, म्हणून पुढच्या दुरुस्तीला जागा राहते.
- *सुरांवर तेल किंवा गंजनाशक फवारा मारू नका.* धूळ चिकटते आणि जीभ जड होते.
- *पितळ चमकवायला चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर वापरू नका.* सूर हलतात आणि फटीत कचरा राहतो. काळपट पितळ चांगलंच वाजतं.
- *झाकणावर ऑइलपेंट मारू नका.* जुनं पॉलिश बहुधा लाख आणि स्पिरिटचं असतं. लाख आपल्याच जंगलातल्या पळसावर आणि कुसुमावर तयार होते. त्याच पॉलिशचा नवा हात देता येतो.
- *मंडळाचं रंगवलेलं नाव खरवडू नका.* वय आणि गाव सांगणारा तोच पुरावा आहे.
- *पिवळट पट्ट्यांना गरम इस्त्री किंवा ज्योत दाखवू नका.* जुनं सेल्युलॉइड भडकन पेटतं.

कायदा काय म्हणतो?

*हस्तिदंत.* काही जुन्या परदेशी ऑर्गनच्या पट्ट्यांवर हस्तिदंताचे पातळ तुकडे असतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला. १९८६ च्या दुरुस्तीने देशी हस्तिदंताचा आणि १९९१ च्या दुरुस्तीने आयात हस्तिदंताचाही व्यापार बंद झाला. "जुनं आहे" हे कारण चालत नाही. शंका असेल तर व्यवहार करण्याआधी वन विभागाला विचारा. बहुतेक देशी पेट्यांवर मात्र सेल्युलॉइड, हाड किंवा प्लास्टिकच असतं.

*सागवान.* दुरुस्तीसाठी नवं सागवान घेतलं तर पावती आणि वाहतूक परवाना जवळ ठेवा. आपल्या वनजिल्ह्यांत नाक्यावर विचारणा होते. सोपा मार्ग म्हणजे जुन्या घराच्या चौकटीचं मुरलेलं लाकूड. पेटीला तेच जास्त मानवतं.

*परदेशी पाठवणं.* १०० वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. नातेवाईकांना परदेशी पाठवायच्या आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करा.

जमवायची असेल तर

सुरुवात एकाच पेटीपासून करा, तीही वाजणारी. घेताना या क्रमाने बघा: आधी सूर, मग सुरांची फळी, मग भाता आणि शेवटी बाहेरचं रूप. चकचकीत पेटीत तुटक्या जिभा असतील तर ती महाग पडते. कळकट पेटीत मूळ सूर शाबूत असतील तर ती घ्या. सुरांची फळी चिरलेली असेल तर हवा एका सुरातून दुसऱ्यात जाते. ते काम अवघड आहे.

देवळाची किंवा मंडळाची पेटी एकट्या पुजाऱ्याकडून किंवा अध्यक्षाकडून घेऊ नका. ती वर्गणीची असते. बैठकीत ठराव आणि लेखी पावती झाल्यावरच घ्या. त्याहून बरं म्हणजे ती विकत न घेता दुरुस्त करून तिथेच राहू द्या.

पेटीबरोबर तिची गोष्टही जमवा. कुणी आणली, किती वर्गणी निघाली, पेटीमास्तर कोण होते, कोणत्या सप्ताहात वाजली. गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि मोबाईलवर आवाज नोंदवून ठेवा. जुनी वाद्यं नीट ठेवलेली पाहायची असतील तर पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय एकदा बघाच.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*दुरुस्त करणं परवडतं का?*
भाता, झडपा आणि साफसफाई एवढंच काम असेल तर बहुतेक वेळा परवडतं. सगळे सूर बदलायचे असतील तर नव्या पेटीचा भाव विचारून तुलना करा. सूर बदललेच तर जुने सूर मागून घ्या आणि क्रमाने डबीत ठेवा.

*वाजवायला कुणी नाही, तरी ठेवायची?*
ठेवा, पण आठवड्यातून एकदा भाता हलवा आणि सगळ्या पट्ट्या दाबा. चामडं मऊ राहतं आणि जिभा मोकळ्या राहतात. लहान मुलाला सांगितलं तरी तो आनंदाने करेल.

*कुठे ठेवायची?*
भिंतीला न टेकवता, जमिनीपासून वर, सुती कापडात. प्लास्टिकमध्ये गुंडाळली तर पावसाळ्यात आत बुरशी येते. कडुलिंबाचा पाला आणि डांबरगोळ्या जवळ ठेवा, सुरांवर नको.

*शिकायचं असेल तर?*
जवळच्या शहरातल्या पेटी कारागिराकडे एक दिवस बसून या. चांगला कारागीर पेटी तुमच्यासमोर उघडतो आणि काय बिघडलंय ते दाखवतो. जो न उघडताच "सगळे सूर बदलावे लागतील" म्हणतो, त्याच्याकडून पेटी परत आणा.

शेवटी एवढंच

भंगारवाल्याच्या काट्यावर पेटीचं लाकूड आणि पितळ मोजलं जातं. त्यात कुणीतरी गावाच्या गळ्यासाठी लावलेला गंधार मोजला जात नाही.

या दिवाळीत माळा साफ करताना पेटी निघाली तर आधी भाता भरून बघा. एखादा जरी सूर बोलला तरी ती जिवंत आहे. फोटो काढा, झाकणावरचं नाव वाचा, घरातल्या मोठ्यांना विचारा. आणि हा लेख तुमच्या गावच्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. ज्याच्या हातात त्या पेटीची किल्ली आहे तो माणूस बहुधा त्याच ग्रुपवर असतो.